लोहाच्या गोळ्या, न वाढणारं हिमोग्लोबिन आणि नऊ मिलिमीटरचं पॉकेट : खानापूर भागातलं एक प्रकरण

बाई ४९ वर्षांच्या. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जंगलालगतच्या गावात घर. दीड एकर भात, थोडी नाचणी. सात वर्षांपासून मधुमेह. मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम दोन वेळा आणि सकाळी ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम चालू. आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या तीन महिने घेऊनही हिमोग्लोबिन ९.२ वरून ९.४ पर्यंतच सरकलेलं. लावणीच्या चिखलात वाकून काम करताना दम लागतो, एवढीच तक्रार. तोंडाबद्दल त्यांनी आपण होऊन काही सांगितलं नाही. विचारल्यावर म्हणाल्या, “दात जरा हलतात ओ, वय झालं की. दुखत तर काय नाही.” मशेरी दिवसातून दोनदा, लग्नाआधीपासून.

हे प्रकरण कुणा एका रुग्णाचं नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मधुमेह, मशेरी, पायोरिया आणि रक्तक्षय हे चारही एकाच माणसात भेटणं नवलाचं नाही. ती गुंतागुंत उलगडून दाखवण्यासाठी प्रकरण रचलं आहे, आणि रुग्णाचे आकडे उदाहरणादाखल आहेत. त्यामागचं विज्ञान, औषधांच्या मात्रा आणि संशोधनाचे दाखले मात्र खरे आहेत. तालुक्याच्या दवाखान्यातला डॉक्टर, दंतवैद्य आणि रुग्णाच्या घरचं कुणी शिकलेलं माणूस, या तिघांनाही वाचता यावं असं लिहिलं आहे.

हिरड्यांकडे बोट दाखवण्याआधी

गोळ्या खाऊन हिमोग्लोबिन वाढत नसेल तर पहिला प्रश्न अगदी साधा असतो: गोळी कशी घेता? सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. जेवणानंतर लगेच चहाबरोबर ती घेतली तर चहातल्या टॅनिनमुळे बरंचसं लोह शोषलंच जात नाही. बाई सकाळच्या चहाबरोबरच गोळी घेत होत्या. वेळ बदलून, दुपारच्या जेवणाच्या आधी लिंबूपाण्याबरोबर गोळी सुरू केली आणि महिनाभर थांबलो. लोह अंगी लागत असेल तर चार आठवड्यांत हिमोग्लोबिन निदान १ ग्रॅमने वाढायला हवं. तसं झालं नाही.

मग बाकीची कारणं तपासली. अनवाणी पायांनी भातखाचरात काम करणाऱ्या माणसाच्या पोटात हुकवर्म असू शकतात. शौचाची तपासणी केली, तीत काही निघालं नाही, तरी अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एक गोळी दिली. पाळी अनियमित होती, पण जास्त जात नव्हती. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतल्यावर बी-१२ कमी होतं, आणि हे मधुमेहाच्या ओपीडीत फार वेळा राहून जातं. बी-१२ मोजलं, ३१० आलं. क्रिएटिनिन ०.८, म्हणजे किडनीचा प्रश्न नाही.

एक गोष्ट खोदून विचारावी लागली. गुडघे दुखले की बाजाराच्या दिवशी कुठल्या तरी दुकानातून पुडी आणायची, तीत दोन-तीन गोळ्या असायच्या. अशा पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडने साखर चढते, आणि रक्तातल्या न्यूट्रोफिल जातीच्या पांढऱ्या पेशीही वाढलेल्या दिसतात, कारण शिरांच्या भिंतींना चिकटून बसलेल्या पेशी सुटून प्रवाहात येतात. पुढे सगळी चर्चा पांढऱ्या पेशींवरच होणार असल्याने पुडी बंद करून दोन आठवड्यांनी तपासण्या पुन्हा केल्या. ही पायरी गाळली असती तर नंतरच्या एकाही आकड्यावर विश्वास ठेवता आला नसता.

पुडी बंद झाल्यानंतरचा अहवाल असा: हिमोग्लोबिन ९.४, एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) ७९, पांढऱ्या पेशी ११,६००, त्यांतल्या ७४ टक्के न्यूट्रोफिल आणि १८ टक्के लिम्फोसाइट, प्लेटलेट ४.३ लाख, दाह दाखवणाऱ्या दोन तपासण्या म्हणजे ईएसआर ५८ आणि सीआरपी १३ मिलिग्रॅम प्रति लिटर, फेरिटिन १४६, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन १३ टक्के, आणि गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारं एचबीए१सी ८.६.

या अहवालात एक विसंगती आहे. फेरिटिन १४६ म्हणजे कोठारात लोह आहे. सॅच्युरेशन १३ टक्के म्हणजे रक्तातून वाहून नेलं जाणारं लोह कमी आहे. कोठार भरलेलं आणि दाराला कुलूप. हे कुलूप लावणारं हेप्सिडिन नावाचं संप्रेरक यकृत बनवतं, आणि शरीरात कुठेही दाह चालू असला की इंटरल्युकिन-६ या दाहाच्या रसायनाच्या सांगण्यावरून ते जास्त बनतं. हेप्सिडिन वाढलं की आतड्यातून लोह आत येणंही अडतं आणि कोठारातून बाहेर पडणंही. बाईंच्या गोळ्या वाया जात होत्या त्या इथे. दाह आहे हे सीआरपी आणि ईएसआर सांगतच होते. तो कुठे आहे, हा प्रश्न होता. छातीचा एक्स-रे स्वच्छ, लघवी स्वच्छ, पायाला जखम नाही, ताप नाही, सांध्यांना सूज नाही. तोंड उघडून कुणी पाहिलं नव्हतं.

तोंडात काय होतं

२४ दात शिल्लक. चार दाढा गेल्या दहा वर्षांत हलून हलून पडलेल्या, एकही कीड लागून काढलेली नाही. तपासणीच्या बारीक सळीने, म्हणजे प्रोबने, प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हिरडी आणि दात यांमधली खोली मोजतात. २४ दात म्हणजे १४४ नोंदी. निरोगी हिरडीत ही खोली ३ मिलिमीटरपर्यंत असते. त्याहून खोल खाचेला पॉकेट म्हणतात. इथे ७८ ठिकाणी ती ४ किंवा जास्त होती, ३१ ठिकाणी ६ किंवा जास्त, आणि वरच्या उजव्या दाढेमागे ९. प्रोब लावल्यावर ७५ ठिकाणी, म्हणजे ५२ टक्के जागी, रक्त आलं. ओपीजीमध्ये, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेमध्ये, दाढांच्या मुळांमधलं हाड खाल्लेलं दिसत होतं.

रक्ताचा हा आकडा प्रत्यक्षातल्या दाहापेक्षा कमी असण्याचीच शक्यता जास्त. तंबाखूतल्या निकोटिनने हिरडीतल्या केशवाहिन्या आकसतात, त्यामुळे मशेरी लावणाऱ्यांच्या हिरड्या आत सडत असल्या तरी वरून फिक्या, घट्ट आणि कोरड्या दिसतात. निपाणीच्या तंबाखूपट्ट्याच्या आजूबाजूला काम करणाऱ्याने ही गोष्ट मनावर कोरून ठेवावी.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार हा तिसऱ्या टप्प्याचा, सर्वदूर पसरलेला पेरिओडॉन्टायटिस, म्हणजे बोलीतला पायोरिया, ठरतो. एचबीए१सी ७ च्या वर असल्याने श्रेणी ‘क’, म्हणजे वेगाने वाढणारा.

आता आकारमानाचा विचार करू. पॉकेटच्या आतलं अस्तर सोललेलं, जिवंत जखमेसारखं असतं. पेरिओडॉन्टायटिसच्या रुग्णात पॉकेटांचं सगळं अस्तर पसरून ठेवलं तर सुमारे ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरेल, असा अंदाज दंतशास्त्रात मांडला गेला आहे. काडेपेटीच्या वरच्या बाजूएवढी जखम. मधुमेही बाईच्या तळपायावर एवढी जखम असती तर घरच्यांनी त्याच दिवशी बेळगाव गाठलं असतं. ही तोंडात आहे, दुखत नाही, म्हणून वीस वर्षं तशीच राहिली.

हिरडीपासून हाडाच्या मगजापर्यंत

बोन मॅरो म्हणजे काय, हे आपल्याकडे वेगळं समजावावं लागत नाही. मटणाच्या नळीतला मगज सगळ्यांना माहीत असतो. एवढंच सांगावं लागतं की प्रौढ माणसाच्या लांब हाडांच्या मध्यभागातला मगज बहुतेक चरबीचा असतो. रक्त तयार होतं ते कंबरेच्या हाडांत, मणक्यांत, छातीच्या हाडात, बरगड्यांत. तिथे रक्ताच्या मूळ पेशी असतात. संख्येने फार थोड्या, आणि बहुतेक काळ झोपलेल्या. त्यांच्यापासून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तयार होतात. निरोगी माणसाच्या मगजातून रोज सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल बाहेर पडतात, आणि त्यातला प्रत्येक रक्तात जेमतेम काही तास ते एखादा दिवस टिकतो.

हिरडीत दाह चालू असतो तेव्हा इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ यांसारखी रसायनं तिथेच थांबत नाहीत. घास चावताना पॉकेटमधले जंतू आणि त्यांच्या कवचाचे तुकडेही रक्तात उतरतात. हे सगळं मगजात पोचलं की तिथल्या मूळ पेशींना एकच सांगावा मिळतो: कुठेतरी लढाई आहे, न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट पाठवा. मूळ पेशी जाग्या होतात आणि त्यांच्या वाढीचा कल मायलॉइड वंशाकडे, म्हणजे याच लढाऊ पेशींकडे झुकतो. तांबड्या पेशींच्या वाट्याला आधीच लोह कमी, त्यात घडण्याची वाटही अरुंद होते. बाईंच्या अहवालात न्यूट्रोफिल ८,५८४ आणि लिम्फोसाइट २,०८८ होते, गुणोत्तर ४.१. प्लेटलेटही वरच्या अंगाला. दाहाने ढोसलेल्या मगजाचं चित्र असंच दिसतं.

इथपर्यंतचं बरंच जुनं आहे. नवीन आणि आमच्या मते जास्त महत्त्वाचं आहे ते पुढचं: मूळ पेशींना झालेला हा संस्कार दाहाबरोबर संपत नाही.

२०२२ साली ‘सेल’ या नियतकालिकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले जॉर्ज हाजिशेंगालिस आणि जर्मनीतल्या ड्रेस्डेनमधले ट्रियांटाफिलोस शावाकिस यांच्या गटांचं संशोधन आलं. उंदरांच्या दाढेभोवती दोरा बांधून पेरिओडॉन्टायटिस घडवला. मग त्या उंदरांचा मगज, ज्यांना हिरड्यांचा आजार कधी झालाच नव्हता अशा उंदरांत रोपला. या दुसऱ्या उंदरांत नंतर संधिवात घडवला, तेव्हा निरोगी मगज मिळालेल्या उंदरांपेक्षा तो जास्त तीव्र झाला. तोंड निरोगी, मगज मात्र आजारी तोंडातून शिकून आलेला. मूळ पेशींच्या डीएनएची अक्षरं बदललेली नव्हती. कुठली जनुकं उघडी आणि कुठली मिटलेली, ही मांडणी बदलली होती. इंटरल्युकिन-१ चा संदेश अडवला की हे शिक्षण होत नव्हतं.

बाईंना हे सांगताना तरव्याचा, म्हणजे भाताच्या रोपवाटिकेचा, दाखला पुरला. तरव्यातलंच रोप रोगट असलं तर ते कुठल्याही खाचरात लावा, जमीन कितीही चांगली असो, पीक तो रोग घेऊनच उभं राहतं. मगज म्हणजे रक्ताचा तरवा. तिथे बिघडलेली रोपं सांध्यात जातात, हृदयाच्या धमन्यांत जातात, आणि फिरून हिरडीतही येतात. अशा तापट न्यूट्रोफिलांनी हिरडीचं हाड आणखी खाल्लं जातं, त्यातून दाह वाढतो, आणि दाहाचा सांगावा पुन्हा मगजाकडे. मधुमेहात वाढलेली साखरही मगजाला न्यूट्रोफिल-मोनोसाइट बनवायला भाग पाडते, म्हणजे बाईंच्या बाबतीत मगजाला दोन्ही बाजूंनी रेटा होता.

माणसात याला कितपत आधार आहे? २०१९ साली पेट-स्कॅनवर (पेशींची हालचाल कुठे जास्त हे दाखवणाऱ्या स्कॅनवर) आधारित एका अभ्यासात, ज्यांच्या हिरड्यांत जास्त दाह त्यांच्या मगजातली हालचालही जास्त आणि धमन्यांचा दाहही जास्त, असा संबंध आढळला. हा संबंध आहे. एकामुळे दुसरं घडलं याचा पुरावा त्यातून मिळत नाही. मगज-रोपणाचा प्रयोग उंदरांवरचाच आहे. त्यामुळे “तुमचा रक्तक्षय हिरड्यांमुळेच आहे” असं वाक्य बाईंना सांगणं चुकीचं ठरलं असतं. सांगितलं ते असं: अंगात कुठेतरी दाह आहे, तोंडात तो डोळ्यांनी दिसतोय, आणि तोंडातला दाह आपण कमी करू शकतो.

उलट दिशेचा एक धागाही इथेच नोंदवतो. वय वाढलं की काहींच्या मगजात एखाद्या मूळ पेशीत डीएनएमटी३ए सारख्या एखाद्या जनुकात बदल होतो आणि तिची वंशवेल इतरांपेक्षा जास्त फोफावते. सत्तरीनंतर अशा वंशवेली दहा टक्क्यांहून अधिक लोकांत सापडतात. २०२४ साली ‘सेल’मध्येच आलेल्या कामात अमेरिकेतल्या ४,९४६ प्रौढांत, डीएनएमटी३ए मध्ये बदल असलेल्यांत पेरिओडॉन्टायटिस जास्त आढळला, आणि उंदरांत अशा पेशींमुळे हिरडीचं हाड जास्त झिजलं. म्हणजे मगजातूनही हिरडी बिघडते. बाईंसाठी ही जनुक-तपासणी सुचवली नाही. तिच्या निकालाने उपचार बदलणार नव्हता आणि खर्च नाहक झाला असता.

मगज सुईने काढून तपासण्याचीही इथे गरज नव्हती. स्मिअरमध्ये, म्हणजे काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या रक्ताच्या थेंबात, कच्च्या पेशी दिसल्या, तिन्ही प्रकारच्या पेशी एकदम कमी झाल्या, किंवा हिरड्या अचानक, काही आठवड्यांत फुगून दातांवर चढल्या, तर चित्र पालटतं. काही रक्तकर्करोगांची पहिली खूण हिरडीतच दिसते. म्हणून खोल सफाईआधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि स्मिअर पाहिल्याशिवाय हत्यार लावायचं नाही, हा नियम आम्ही कधीही न मोडण्याचा मानतो. प्लेटलेट ५०,००० च्या खाली असताना खोल सफाई केली तर तालुक्याच्या दवाखान्यात रक्त थांबवता थांबवता रात्र होते. रक्तदाबाच्या अम्लोडिपिननेही हिरड्या वाढतात, त्यामुळे गोळ्यांची पिशवी प्रत्यक्ष पाहावी. बाईंना रक्तदाब नव्हता.

उपचार

गणपतीनंतर सुरुवात करायची ठरली, कारण त्याआधी घरातून पाय निघणार नव्हता आणि नंतर भातकापणीपर्यंत मोकळा काळ होता. वेळापत्रक शेतीप्रमाणे बांधलं नाही तर तिसऱ्या फेरीला रुग्ण येत नाही.

पहिल्या भेटीत वरवरची सफाई, ब्रश धरायला शिकवणं आणि मशेरी. मशेरी सोडा म्हटलं की बहुतेक बायका एकच अडचण सांगतात: ती लावल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही. ही अडचण खरी आहे, निकोटिनने आतडं हलतंच. रात्री इसबगोल आणि सकाळी कोमट पाणी यावर पोट मार्गी लागलं, तेव्हा मशेरी सुटण्याची आशा निर्माण झाली. निकोटिनचं च्युइंगगम हलत्या दातांनी चावणं अवघड, म्हणून पट्टी निवडली. दोन महिन्यांत मशेरी दिवसाला दोनवरून आठवड्याला एक-दोनदा एवढी उतरली. पूर्ण सुटली नाही.

संमतीपत्र कन्नड आणि इंग्रजीत होतं. बाई मराठी वाचतात, कन्नड समजतात, पण वाचत नाहीत. अंगठ्याऐवजी सही घेतली म्हणजे संमती मिळाली असं नसतं. प्रत्येक ओळ मराठीत वाचून दाखवली आणि घरी पाळायच्या सूचना मोठ्या मराठी अक्षरांत, चित्रांसह, एका पानावर दिल्या. सीमाभागात हे काम सुनेवर किंवा शाळकरी मुलीवर सोपवलं जातं, आणि मग औषधाच्या वेळा चुकतात.

खोल सफाई, म्हणजे हिरडीखालचा टार्टर मुळावरून खरवडून काढणं, एका बैठकीत पूर्ण तोंडाची करायची की टप्प्यांनी? बसने येण्या-जाण्यात अर्धा दिवस जातो, त्यामुळे एकदाच उरकण्याचा मोह होतो. पण संपूर्ण तोंड एका दिवसात केलं तर दुसऱ्या दिवशी सीआरपीची उसळी टप्प्यांच्या सफाईपेक्षा बरीच मोठी येते, हे चाचण्यांत दिसलं आहे. ८.६ एचबीए१सी असलेल्या रुग्णात आम्ही अर्धं-अर्धं तोंड, सात दिवसांच्या अंतराने केलं. भुलीसाठी २ टक्के लिग्नोकेन, १:८०,००० अॅड्रिनलिनसह, प्रत्येक बैठकीला १.८ मिलीच्या तीन कार्ट्रिज. सकाळी दहाची वेळ, नाश्ता आणि नेहमीच्या गोळ्या घेऊनच. ग्लिमेपिराइड घेऊन उपाशी बसलेला रुग्ण खुर्चीत घामाघूम होतो, आणि ते भूल बाधल्यासारखं दिसतं. त्यामुळे ग्लुकोमीटर आणि साखर हाताशी.

०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनच्या १० मिली चुळा दोन वेळा, दोन आठवडे, पेस्टनंतर अर्धा तास जाऊ देऊन. पेस्टमधल्या फेसाने औषध निकामी होतं. दातांमधल्या फटींसाठी बारीक ब्रश. अँटिबायोटिक पहिल्या टप्प्यात दिलं नाही. अमॉक्सिसिलिन-मेट्रोनिडाझोलची जोडी निवडक रुग्णांत उपयोगी पडते, पण मुळावरचा थर निघण्याआधी ती दिली तर जंतू त्या थराआड सुरक्षित राहतात.

काय चुकलं, काय चुकल्यासारखं वाटलं

दुसऱ्या आठवड्यात बाईंचा मुलगा चिडून आला. आधी रक्त येत नव्हतं, आता ब्रश लावला की येतं. दात आधीपेक्षा जास्त हलतात. गार पाणी झोंबतं. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मशेरी कमी झाल्यावर आकसलेल्या वाहिन्या मोकळ्या झाल्या, म्हणून रक्त दिसू लागलं. टार्टरने दात एकमेकांना सिमेंटसारखे जखडून ठेवले होते, ते निघालं आणि हाडाची खरी अवस्था जाणवली. मुळं उघडी पडली म्हणून झोंबतं. दात साफ केले की ढिले होतात, हा समज यातूनच पक्का होतो. हे आधी सांगायला हवं होतं. ते कागदावर होतं, तोंडी सांगितलं गेलं नव्हतं. चूक आमच्या बाजूची.

दुसरा गोंधळ प्रयोगशाळेचा. दुसऱ्या बैठकीनंतर चौथ्या दिवशी मधुमेहाच्या नेमाच्या तपासणीत सीआरपीही केलं गेलं, ते २१ निघालं. आधी १३ होतं. कुठेतरी नवीन संसर्ग झाला असं समजून तिकडे अँटिबायोटिक सुरू झालं. खोल सफाईनंतर पहिले काही दिवस दाह वाढतोच. २००७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये १२० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली, तीत उपचारानंतर लगेच दाह वाढला आणि धमन्यांची लवचिकता घटली, पण सहा महिन्यांनी ती फक्त नेहमीचे साधे दंतोपचार मिळालेल्यांपेक्षा चांगली झाली. ताप नाही, सूज नाही, गिळायला त्रास नाही, तर सफाईनंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सीआरपी आणि सीबीसी मोजूच नये. तसं चिठ्ठीवर ठळक लिहून पाठवावं.

बारा आठवड्यांनी

मळणी आटोपून बाई डिसेंबरात आल्या. ४ मिलिमीटर किंवा खोल जागा ७८ वरून ३४. ६ किंवा खोल ३१ वरून ९. रक्तस्राव १९ टक्के. पांढऱ्या पेशी ९,२००, न्यूट्रोफिल ६६ टक्के, लिम्फोसाइट २६ टक्के, गुणोत्तर ४.१ वरून २.५. सीआरपी ५. प्लेटलेट ३.६ लाख. हिमोग्लोबिन १०.३. एचबीए१सी ८.१.

यातलं काय हिरड्यांच्या खात्यात टाकायचं? न्यूट्रोफिल आणि सीआरपीची उतरण अपेक्षेप्रमाणे आहे. पण मशेरी कमी होणंही त्याच दिशेने काम करतं, त्यामुळे सगळं श्रेय सफाईचं नाही. हिमोग्लोबिनच्या वाढीत गोळीची बदललेली वेळ आणि हेप्सिडिनचं उतरणं दोन्ही असू शकतं.

एचबीए१सीकडे मात्र सावधपणे पाहावं लागतं. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार हिरड्यांच्या उपचाराने तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.४३ ने उतरतं, आणि इथली ०.५ ची उतरण त्याच्याशी जुळते. पण लोहाच्या कमतरतेत एचबीए१सी खोटं वाढलेलं दिसू शकतं, आणि लोह मिळून नव्या तांबड्या पेशी तयार होऊ लागल्या की साखर तशीच असतानाही आकडा उतरतो. नव्या पेशींना साखर चिकटायला वेळच मिळालेला नसतो. म्हणून बाईंच्या घरच्या ग्लुकोमीटरच्या उपाशीपोटीच्या नोंदी पाहिल्या. त्या १७०-१८० वरून १५०-१६० च्या आसपास आल्या होत्या, म्हणजे थोडी उतरण खरी होती. मधुमेहाची औषधं कमी केली नाहीत.

मगजातला संस्कार पुसला गेला का, हे सीबीसीवरून कळत नाही. आकडे खाली आले म्हणजे आजचा रेटा कमी झाला, एवढंच. पेरिओडॉन्टायटिसच्या रुग्णांचे न्यूट्रोफिल उपचारानंतरही काही प्रमाणात तापट राहतात, असं प्रयोगशाळेतल्या अभ्यासांत दिसलं आहे. त्यामुळे एकदा सफाई झाली, काम संपलं, असं या आजारात धरता येत नाही. दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी आणि पुन्हा सफाई, आणि पॉकेट परत खोल होऊ लागलं तर तिथे लगेच उपचार.

उरलेल्या नऊ खोल जागांपैकी सहा वरच्या दाढांच्या मुळांच्या फाट्यात आहेत. तिथे बंद हिरडीतून हत्यार पोचत नाही, हिरडी उघडून साफ करावं लागेल. एचबीए१सी साडेसातच्या आसपास आलं की ती शस्त्रक्रिया बेळगावच्या दंत महाविद्यालयात करायची, असं बाईंशी आणि मुलाशी बोलून ठरलं. ९ मिलिमीटरची दाढ काढावी लागेल हेही सांगून ठेवलं आहे. लोहाच्या गोळ्या चालू. पुढची भेट मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात. त्याच दिवशी, प्रोब लावण्याआधी, सीबीसी, सीआरपी, फेरिटिन आणि सॅच्युरेशनसाठी रक्त घ्यायचं आहे.